नववीतल्या मुलाचा एमआरआय काढून कल कळेल का?

प्रश्न थोडक्यात असा. विट्याजवळच्या एका गावातल्या ताई लिहितात: मुलगा नववीत, चौदा पूर्ण. सातवीपर्यंत वर्गात पहिल्या पाचात असायचा. गेलं वर्षभर तोंडाला तोंड देतो, रात्री एक-दीडपर्यंत जागा असतो, सकाळी हाका मारून घसा बसला तरी उठत नाही. घरात कुणी नसलं की चुलत्यांची मोटारसायकल काढून, मागे दोघांना बसवून कडेगाव रस्त्याला पळवतो. यजमान गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी तमिळनाडूत, वर्षातून दोनदा येतात. क्लासच्या सरांनी सुचवलं की हल्ली मेंदूचं स्कॅनिंग करून मुलाचा कल कळतो, मेंदूत कुठं काय कमी आहे तेही दिसतं, तेव्हा अकरावीला सायन्सला घालायच्या आधी करून घ्या. दीर म्हणतात, मेंदू पंचवीस वर्षांपर्यंत कच्चाच असतो, होईल आपोआप नीट. यातलं खरं कुणाचं, आणि मिरजेला येऊन एमआरआय काढावा का?

ताई, आधी उत्तर देतो, कारणं मागून. एमआरआय काढू नका. तुम्ही जे लिहिलं आहे त्यात एमआरआय काढण्याचं एकही कारण नाही. मी मिरजेतला रेडिओलॉजिस्ट, मुलांच्या मेंदूचे एमआरआय वाचणं हे माझं रोजचं काम आणि त्यावरच माझं घर चालतं. तेव्हा नको म्हणण्यात माझा फायदा नाही, हे तुमच्या लक्षात येईलच. सर आणि दीर, दोघांचंही बोलणं खऱ्या संशोधनाचं शेपूट धरून आलेलं आहे. पण शेपटामागचं जनावर वेगळंच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

समजा, काढलाच. मुलगा निरोगी असेल तर रिपोर्टात शेवटी एक ओळ येईल की लक्षणीय दोष आढळला नाही. गणित चांगलं की भाषा, डॉक्टर की इंजिनीअर, आज्ञाधारक की हूड, यासाठी रिपोर्टात रकानाच नसतो. माझ्यासमोर दोन चौदा वर्षांच्या मुलांच्या फिल्म नाव झाकून ठेवा. एक शाळेत पहिला येणारा, दुसरा गाडी पळवणारा. कोण कुठला हे मला सांगता येणार नाही, आणि जो सांगतो म्हणतो त्याच्यापासून जपून राहा.

उलट वेगळाच घोळ होऊ शकतो. निरोगी मुलांचेही एमआरआय काढले की काही ना काही सापडतं. अमेरिकेत ९-१० वर्षांच्या ११ हजारांहून अधिक मुलांना घेऊन एबीसीडी नावाचा मोठा अभ्यास चालू आहे. त्यात सुमारे पाचातल्या एका मुलाच्या स्कॅनमध्ये काहीतरी वेगळं दिसलं. पुढे तपासायला हवं असं मात्र शंभरात चारेक जणांचंच होतं. बाकीचं म्हणजे पाण्याची एखादी निरुपद्रवी गाठ, एखादा जन्मजात फरक, ज्याचा त्या मुलाला आयुष्यात कधी त्रास होणार नाही. पण रिपोर्टात ‘सिस्ट’ एवढा शब्द आला की घरात जेवण जात नाही. मग पुण्याला दुसरं मत, सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन. अशी घरं मी पाहतो. ज्या त्रासासाठी आले होते तो बाजूलाच राहतो आणि सिस्टची फाइल जाड होत जाते.

आता संशोधनाकडे वळतो. मुलांचा मेंदू वाढताना बघायचा कसा, हा प्रश्न फार जुना नाही. पूर्वी माहिती मिळायची ती मृत्यूनंतरच. शिकागोचे पीटर हुटेनलोखर यांनी १९७९ मध्ये मेंदूच्या पुढच्या भागातले पेशींमधले जोड इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अक्षरशः मोजले आणि दाखवलं की बाळपणी हे जोड प्रौढांपेक्षा कितीतरी जास्त असतात, नंतर कमी होत जातात. सीटी स्कॅन आलं, पण त्यात क्ष-किरण. चांगल्या धडधाकट मुलाला केवळ कुतूहलापोटी क्ष-किरण द्यायचे, हे कुठल्या आईला पटेल? एमआरआयनं ती अडचण सोडवली. त्यात क्ष-किरण नसतात, मोठं चुंबक आणि रेडिओलहरी असतात, आणि चित्र तयार होतं ते मुख्यतः शरीरातल्या पाण्यातल्या हायड्रोजनच्या संदेशावरून. त्यामुळे तेच मूल दर दोन वर्षांनी पुन्हा बोलावून बघता येऊ लागलं.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतले संशोधक डॉ. जे गीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं तेच केलं. १९९९ मध्ये त्यांनी १४५ मुलामुलींचे २४३ स्कॅन एकत्र मांडले. मेंदूचा पांढरा भाग, म्हणजे पेशींना जोडणारे तंतू, वयाबरोबर वाढतच जातो असं दिसलं. करडा भाग मात्र आधी वाढतो आणि पौगंडावस्थेत कमी होऊ लागतो. पुढच्या भागात ही उलटी वाट मुलींत अकराच्या आणि मुलांत बाराच्या सुमारास सुरू होते, असा त्यांचा हिशेब होता. पाच वर्षांनी, २००४ मध्ये, त्याच संस्थेतून आणखी एक शोधनिबंध आला. त्यावरचं पहिलं नाव आपल्याकडचं वाटेल असं: नितीन गोगटे. त्यात मुलं फक्त १३, पण प्रत्येकाला दर दोन वर्षांनी, आठ-दहा वर्षं बघितलेलं. हालचाल आणि संवेदनांचे भाग आधी परिपक्व होतात, भाषा आणि दिशाभानाचे त्यानंतर, आणि नियोजन, स्वतःला आवरणं, चार गोष्टी एकत्र तोलणं यांत सहभागी असलेला कपाळामागचा भाग शेवटच्या टप्प्यात, असा क्रम त्यांनी दाखवला. तुमच्या दिरांच्या मोबाइलवर निळ्या-पिवळ्या रंगाच्या मेंदूंची ओळ आली असेल, तर ती बहुतेक याच कामातली.

करडा भाग कमी होतो म्हणजे मेंदू झिजतो का? हा प्रश्न पालक हमखास विचारतात. तासगाव-पलूसकडच्या लोकांना मी द्राक्षाच्या छाटणीचं उदाहरण देतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बाग बोडकी दिसते, पण पुढच्या मालाची काडी त्याच फुटीतून तयार होते. मेंदूतही वापरात नसलेले जोड गळतात आणि वापरातले पक्के होतात. पण उदाहरण इथेच सोडून द्यायला हवं, कारण मुलाच्या मेंदूत कात्री घेऊन कुणी उभं नसतं. शिवाय आणखी एक अडचण आहे, आणि ती आमच्या धंद्यातली माणसंही विसरतात. एमआरआयला हे जोड दिसतच नाहीत. चित्रातला सगळ्यात लहान ठिपका साधारण एक घन मिलिमीटरचा धरा. तेवढ्यात हजारो पेशी आणि कोट्यवधी जोड बसतात. मशीन त्या सगळ्यांची मिळून एकच छटा देतं. त्यातून ‘जोड कमी झाले’ हा निष्कर्ष आपण काढतो, तो हुटेनलोखर यांच्यासारख्यांच्या सूक्ष्मदर्शकाच्या आधारावर. एमआरआयमध्ये करडा थर पातळ दिसण्याचं दुसरंही कारण आहे. तंतूंभोवती मायलिन नावाचं स्निग्ध आवरण चढत जातं, आणि ते थराच्या तळाशी शिरलं की आधी करडी दिसणारी किनार पांढरी दिसू लागते. थर खरोखर पातळ झाला का फक्त सीमारेषा सरकली, हे साध्या चित्रावरून वेगळं काढणं कठीण असतं.

अकरा-बाराव्या वर्षी शिखर, हा आकडाही पुढे टिकला नाही. २०२२ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत जगभरच्या शंभराहून अधिक अभ्यासांतले १,२३,९८४ स्कॅन एकत्र करून, गर्भापासून शंभर वर्षांपर्यंतचे आलेख आले. बालरोगतज्ज्ञांकडे वजन-उंचीचा तक्ता असतो तसे मेंदूचे. त्यात करड्या भागाचं एकूण आकारमान सर्वाधिक होतं सहाव्या वर्षाच्या जरा आधी, आणि करड्या थराची जाडी तर दोन वर्षांच्या आतच. पांढऱ्या भागाचं शिखर २९ च्या आसपास. म्हणजे तुमच्या मुलाच्या मेंदूतला करडा भाग कमी व्हायला लागला तो तो पहिलीत होता तेव्हापासून. तेव्हा तर तो शहाण्यासारखा वागत होता ना? वागणं आणि आकारमान यांची सरळ जोडी लावता येत नाही, ती अशी.

मग आधीच्या आकड्यात फरक का पडला? कारणं बरीच आहेत, पण त्यातलं एक मला रोज डोळ्यांसमोर दिसतं. ते म्हणजे हालचाल.

मुलाचा एमआरआय कसा होतो ते सांगतो. आत सोडण्याआधी अंगावरचं सगळं काढावं लागतं. गळ्यातला ताईत, हातातलं कडं, कमरेचा करदोटा. करदोट्याला चांदीचा मणी असतो, आणि आजीचं म्हणणं की तो काढायचा नाही. मग आजीची समजूत काढण्यात दहा मिनिटं जातात. मुलीच्या केसांतल्या पिना एकेक करून मोजून काढायच्या. सोबत आई आत बसणार असेल तर तिच्या पदराची सेफ्टी पिन, कारण ती चुंबकाकडे बंदुकीच्या गोळीसारखी जाते. मग कानात बोळे, डोक्याभोवती पिंजऱ्यासारखी कॉइल, डोक्याच्या दोन्ही बाजूंना स्पंज. टेबल आत सरकतं आणि ठकठक, गुरगुर सुरू होते. मुलाला सांगितलेलं असतं, स्टॅच्यू! पाच-सात मिनिटांच्या एका सिक्वेन्समध्ये, म्हणजे चित्रं घेण्याच्या एका फेरीत, हलायचं नाही, असे चार-पाच सिक्वेन्स. चौदा वर्षांचा मुलगा हे सहज करतो. आठ वर्षांचा तीन मिनिटांनी नाक खाजवतो. पाच वर्षांचा आईला बघायला मान वळवतो, म्हणून लहानग्यांना बऱ्याचदा भूल देऊनच करावं लागतं. संशोधनासाठी निरोगी मुलाला भूल देत नाहीत, देऊही नये. त्यांच्याकडे मुलाची तालीम करून घ्यायला खोटं मशीन असतं.

हललेला स्कॅन पडद्यावर भुताटकीसारखा दिसतो, डोक्याच्या कडा दोन-दोनदा उमटलेल्या. तो आपण टाकून देतो. खरी पंचाईत असते ती थोडं हललेल्याची. चित्र नुसत्या डोळ्यांना ठीक दिसतं, पण संगणकानं मोजमाप केलं की करडा भाग प्रत्यक्षापेक्षा कमी भरतो. २०१५ मध्ये मोठ्या माणसांना मुद्दाम मान हलवायला सांगून हे दाखवलं गेलं. मेंदू तोच, माणूस तोच, दिवस तोच, फक्त मान हलली आणि आकडा घसरला. आता बघा, लहान मुलं जास्त हलतात, मोठी कमी. चंचल मुलं जास्त हलतात, शांत कमी. म्हणजे लहान-मोठ्यांची किंवा चंचल-शांत मुलांची तुलना करताना दिसलेला काही फरक मेंदूचा नसून मानेचा असू शकतो. २०१२ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटानं हेच मेंदूच्या भागांमधल्या संपर्काबद्दल दाखवलं. वय वाढतं तसे जवळचे संपर्क कमी होऊन लांबचे वाढतात, हे त्यांच्याच प्रयोगशाळेचं गाजलेलं म्हणणं होतं. मिलिमीटरच्या अंशाएवढी हालचाल हिशेबात धरली आणि त्यातला बराच भाग ओसरला. स्वतःच्याच निष्कर्षावर असा घाव घालून तो छापायचा, याला छाती लागते. माझ्या मते या क्षेत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. वर्तमानपत्रांत मात्र त्याची बातमी कुठं दिसली नाही.

सरांनी म्हटलेलं ‘मेंदूत कुठं काय कमी’ हे बहुधा रंगीत ठिपक्यांच्या चित्रांवरून आलं असावं. त्याला फंक्शनल एमआरआय म्हणतात. १९९० मध्ये जपानी शास्त्रज्ञ सेइजी ओगावा यांनी दाखवलं की रक्तातल्या ऑक्सिजनच्या कमी-जास्त प्रमाणामुळे एमआरआयचा संदेश बदलतो. मेंदूचा भाग कामाला लागला की तिकडे ताजं रक्त येतं, पाच-सहा सेकंदांनी त्याचा संदेश चढतो. म्हणजे दिसतं ते रक्त, तेही उशिरा, आणि फरक शेकड्यात एखाद-दोनचा. विचार काही दिसत नाहीत. लाल-पिवळा रंग तर मशीन देतच नाही, तो गणितातून येतो: या ठिकाणचा फरक योगायोगाचा नसावा, असं ठरवून संगणक तिथं रंग भरतो. गणित ढिलं ठेवलं तर काय होतं, याचा नमुना अमेरिकेतल्या संशोधकांनी मेलेला सामन मासा मशीनमध्ये ठेवून दाखवला. माशाला माणसांचे फोटो दाखवले, आणि त्याच्या मेंदूत ‘हालचाल’ सापडली! चेष्टा म्हणून त्याला २०१२ चं इग नोबेल, म्हणजे हसवणाऱ्या संशोधनाला देतात ते पारितोषिक, मिळालं, पण मुद्दा चेष्टेचा नव्हता. २०२० मध्ये एकच माहिती ७० वेगवेगळ्या गटांना विश्लेषणासाठी दिली गेली. त्यांच्या पद्धती वेगळ्या निघाल्या आणि काही प्रश्नांवर उत्तरंही.

आणि २०२२ मध्ये आणखी एक धक्का. मेंदूची रचना आणि मुलाची बुद्धी किंवा स्वभाव यांचा संबंध शोधणाऱ्या अभ्यासांत माणसं किती असतात? बहुतेकदा पंचवीसच्या आसपास. सुमारे ५० हजार जणांची माहिती तपासून संशोधकांनी दाखवलं की असे संबंध इतके बारीक असतात की भरवशाचं उत्तर हवं असेल तर हजारो माणसं लागतात. हजारो मुलांच्या सरासरीत जो फरक जेमतेम दिसतो, तो तुमच्या एका मुलात शोधून त्यावरून अकरावीची शाखा ठरवायची? चंचलतेच्या विकाराचंच घ्या, ज्याला एडीएचडी म्हणतात. २०१७ च्या मोठ्या अभ्यासात तीन हजारांहून अधिक जणांचे स्कॅन होते. या विकाराच्या लोकांत मेंदूच्या आतल्या काही भागांचं आकारमान सरासरीनं कमी भरलं, पण फरक इतका थोडा की दोन्ही गटांतली बहुतेक माणसं एकमेकांत मिसळलेली. म्हणून आजही एडीएचडीचं निदान एमआरआयवर होत नाही. मुलाशी बोलून, घरचं आणि शाळेतलं वागणं विचारूनच होतं. वाचता-लिहिता न येण्याच्या अडचणीचंही तसंच.

‘ब्रेन मॅपिंग’ नावाखाली डोक्याला तारा लावून काढलेला रंगीत आलेख, बोटांच्या ठशांवरून काढलेला बुद्धीचा तक्ता, डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला लावणारे मिडब्रेनचे वर्ग, हे सगळं सांगली-साताऱ्याच्या क्लासच्या गल्ल्यांतून फिरतंय. तारा लावून काढायचा ईईजी ही फिट्ससाठी उत्तम तपासणी आहे, करिअरसाठी नाही. उरलेल्या दोघांना तर शास्त्रीय आधारच नाही. सरांना एवढंच विचारा की रिपोर्टवर सही कोणत्या डॉक्टरची असते.

आता दिरांचे पंचवीस. मेंदू पंचविसाव्या वाढदिवसाला पिकतो, असं कुठल्याही अभ्यासानं म्हटलेलं नाही. सुरुवातीच्या बऱ्याच अभ्यासांत मुलं विशीच्या सुरुवातीपर्यंतच होती आणि तिथवर बदल चालूच दिसला, एवढंच. पुढे बघितलं तर पांढरा भाग तिशीच्या तोंडापर्यंत वाढतो. वेगवेगळे भाग वेगवेगळ्या वेळी स्थिरावतात आणि माणसामाणसांत फरक मोठा. दुसऱ्या बाजूला, निवांत बसवून, वेळ देऊन एखादा प्रश्न सोडवायला दिला तर पंधरा-सोळा वर्षांची मुलं मोठ्यांच्या जवळपास विचार करतात. गडबड होते ती उत्साहाच्या भरात, आणि मित्र बघत असताना.

इथे तुमच्या मोटारसायकलचा विषय येतो, आणि या सगळ्यात मला काळजी वाटते ती त्याचीच. २००५ मध्ये मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी ३०६ जणांना गाडी चालवण्याचा संगणकावरचा खेळ दिला, काहींना एकट्यानं, काहींना मित्रांसमोर. मित्र जवळ असले की किशोरवयीनांनी घेतलेला धोका वाढला, चोवीस आणि त्यापुढच्यांचा फारसा नाही. २०११ मध्ये हाच प्रकार मशीनमध्ये झोपवून केला. शेजारच्या खोलीतून मित्र बघताहेत, एवढं कळलं तरी किशोरांच्या मेंदूतले बक्षिसाला प्रतिसाद देणारे भाग जास्त जागे झाले आणि सिग्नल तोडणं वाढलं. मशीनमधला नमुना लहान होता, म्हणून मी त्यावर फार भार टाकणार नाही. पण वागण्याचा भाग तुम्हाला कडेगाव रस्त्यावर रोज दिसतोच की. मुलगा एकटा असताना जपून चालवतो, मागे दोघं बसले की तोच मुलगा वेगळा होतो. म्हणून ‘तुला अक्कल नाही का’ या प्रश्नाचा उपयोग नाही. त्याला धोका कळतो. कळलेलं त्या क्षणी मागे पडतं. अशा वेळी उपदेश कमी आणि अडथळा जास्त कामाला येतो. किल्ली चुलत्यांच्या खिशात राहिली पाहिजे, खुंटीवर नाही. चुलत्यांना हेही सांगा की मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते. गिअरच्या गाडीचं लायसन्स अठराच्या आधी मिळतच नाही.

झोपेचं तर याहून सोपं आहे. वयात येताना शरीराचं घड्याळ मागे सरकतं. झोप आणणारं मेलॅटोनिन रात्री उशिरा पाझरू लागतं. झोपेच्या अमेरिकी अभ्यासक मेरी कार्सकॅडन यांनी मुलांच्या लाळेत ते मोजून दाखवलेलं आहे. मुलगा साडेनऊला झोपत नाही तो दर वेळी हट्ट नसतो, त्याला झोप येतच नाही. पण दीडपर्यंत जागतो त्यात घड्याळाचा वाटा थोडा, मोबाइलचा मोठा. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते असं अमेरिकेतले झोपेचे तज्ज्ञ सांगतात. तुमचा मुलगा दीडला झोपून क्लाससाठी साडेपाचला उठत असेल, तर चिडचिड, विसराळूपणा आणि घसरलेले मार्क याला वेगळं कारण शोधायची गरजच नाही. जाता जाता एक सांगतो. महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं. चांगलं केलं, पण घड्याळ ज्यांचं सरकतं ती आठवी ते बारावीची मुलं त्यात नाहीत. क्लासवाल्यांचं तर विचारूच नका.

वडील दूर आहेत म्हणून मेंदूवर परिणाम झाला असेल का, हे तुम्ही प्रश्नात उघड विचारलेलं नाही, पण ओळींमधून ते दिसतं. घरच्या परिस्थितीचा मेंदूच्या वाढीशी संबंध आहे, हे खरं. बुखारेस्टमध्ये २००० साली सुरू झालेल्या अभ्यासात अनाथालयांतली १३६ बाळं होती. काहींना पालक-घरं मिळाली, काही तिथेच राहिली. आठ-दहा वर्षांची झाल्यावर स्कॅन केले तेव्हा अनाथालयात राहिलेल्या मुलांत करडा आणि पांढरा दोन्ही भाग कमी होते. घर मिळालेल्यांत पांढरा भाग बऱ्यापैकी सावरलेला होता. पण ती बाळं अशी होती की रडली तरी कुणी उचलून घेत नव्हतं. तुमच्या घरात आई आहे, आजी-चुलते आहेत, वडिलांचा रोज फोन आहे. त्या अभ्यासाचा धाक इथं घेऊ नका. खानापूर-आटपाडीच्या किती पिढ्या अशाच वाढल्या आहेत. मात्र फोनवर रोज फक्त ‘अभ्यास झाला का’ एवढंच होत असेल तर यजमानांना सांगा, दुकानातलं, सोनं गाळण्यातलं काहीतरी त्याच्याशी बोला.

भारतीय मुलांवर असं काम होतं का, असं कुणी विचारलं तर सांगतो: होतं. बेंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या पुढाकारानं, ब्रिटनच्या सहकार्यानं ‘सीवेडा’ नावाचा अभ्यास ६ ते २३ वर्षांच्या मुलांवर चालू झाला. बेंगळुरू, म्हैसूर, चंडीगड, कोलकाता, इम्फाळ, ऋषी व्हॅली अशी त्याची केंद्रं. गरज आहेच, कारण वर सांगितलेले बहुतेक स्कॅन युरोप-अमेरिकेतल्या मुलांचे. कुपोषण, प्रदूषण, चार भाषा कानावर पडणं, एकत्र कुटुंब या गोष्टी तिथल्या तक्त्यात कुठून येणार?

एमआरआय कधी काढायचा, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा, कारण तेव्हा टाळणं महागात पडतं. फिट आली, विशेषतः अंगाच्या एकाच बाजूला झटके आले तर. आपल्या भागात अशा मुलांच्या मेंदूत छोटी गोल गाठ सापडणं फार नवलाचं नाही. ती बहुतेकदा टेपवर्मच्या अंड्यांमुळे किंवा टीबीमुळे असते आणि औषधांनी बरी होते. ‘आम्ही माळकरी, आमच्यात कसं?’ असं लोक विचारतात. अंडी न धुतलेल्या भाजीतून आणि पाण्यातूनही जातात, मांस खावं लागत नाही. सकाळी उठल्यावर डोकं दुखून उलटी होणं आणि ते वाढत जाणं, चाल बदलणं, हातातून वस्तू पडणं, नजर दुहेरी होणं, आलेलं बोलणं-लिहिणं परत जाणं, हीही कारणं आहेत. स्वभाव अचानक, आठवड्याभरात पार बदलला आणि जोडीला गोंधळल्यासारखं होत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना. तुमच्या मुलात वर्षभरात हळूहळू झालेला बदल आहे, वरचं यातलं काही तुम्ही लिहिलेलं नाही.

तेव्हा एमआरआयचे पैसे वाचवा आणि पहिल्यांदा बालरोगतज्ज्ञांकडे जा. रक्तातलं हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघतील, नजर तपासायला सांगतील. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून मागे पडलेली मुलं दर वर्षी सापडतात. जाताना पाचवीपासूनच्या गुणपत्रिका आणि एक-दोन वह्या सोबत न्या. मार्क सगळ्या विषयांत घसरलेत की एकाच, अक्षर बदललंय का, यावरून डॉक्टरांना फिल्मपेक्षा जास्त कळतं. आठवड्याभराची झोपायची-उठायची वेळ कागदावर लिहून न्या. तो एकटा एकटा राहत असेल, खेळ सोडला असेल, जेवण कमी झालं असेल किंवा ‘जगून काय करायचं’ असं एकदा जरी बोलला असेल, तर मानसोपचाराची ओपीडी सांगलीच्या सिव्हिलमध्ये आहे, तिथं थेट जा. जायला संकोच वाटत असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. शाखेचा प्रश्न दहावीच्या निकालापर्यंत बाजूला ठेवलात तरी चालेल.